ऑइल फिल्टरचा डबा कापल्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही

गाडीचे ऑइल बदलायला गेलेला माणूस ऑइलविषयी चार प्रश्न हमखास विचारतो. ग्रेड कोणती, कंपनी कोणती, डब्याचे सील आपल्यासमोर फोडणार की नाही, हे सगळे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो; फिल्टर मात्र मेकॅनिक खोक्यातून काढून जो बसवील तो मुकाट्याने मान्य करतो. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर शंभर-दीडशे रुपयांत येतो आणि ऑइलच्या बिलापुढे तो आकडा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणूनही असे होत असावे. पण त्या महागड्या ऑइलला बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी याच डब्यातून जावे लागते. त्यामुळे डब्याच्या आत काय आहे, त्यातले काय आपल्याला पारखता येते आणि कशाबाबत निर्मात्याच्या शब्दावर विसंबावे लागते, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

आधी ऑइलची वाट पाहू. इंजिनावर आट्यांनी बसणाऱ्या फिल्टरची तळपट्टी तुम्ही हातात घेऊन पाहिली, तर मध्ये आटे पाडलेले एक मोठे छिद्र आणि त्याभोवती गोलाकार सहा-आठ लहान छिद्रे दिसतात. पंपाने ढकललेले ऑइल लहान छिद्रांतून आत शिरते, डब्याचा पत्रा आणि चुण्या घातलेला कागद यांच्यामधल्या पोकळीत पसरते, कागदातून झिरपत मधल्या नळीत जाते आणि मोठ्या छिद्रातून इंजिनाकडे परतते. म्हणजे बाहेरची बाजू मळकी आणि मधली बाजू स्वच्छ. पुढचे बरेचसे विवेचन या एका गोष्टीवर अवलंबून आहे, कारण फिल्टरमधला जवळजवळ प्रत्येक दोष म्हणजे मळक्या बाजूचे ऑइल कागदाला चुकवून स्वच्छ बाजूला जाण्याची चोरवाट असते.

मोटारीसाठी असा फिल्टर १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी आणला. त्या काळातले फिल्टर मुख्य वाहिनीला फाटा काढून बसवलेले असत आणि एका वेळी थोडेच ऑइल गाळत; उरलेले न गाळताच बेअरिंगकडे जात असे. पुढे सगळे ऑइल फिल्टरमधूनच नेण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली. फिल्टर तुंबला तर इंजिनाला ऑइलच मिळणार नाही. त्यावर तोडगा म्हणून बायपास व्हॉल्व्ह आला. कागदाच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे, बहुतेक गाड्यांत एक बारच्या (साधारण हवेच्या दाबाएवढ्या) आसपास, गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे सोडतो. मळके ऑइल परवडले, पण कोरडे बेअरिंग परवडत नाही, असा त्यामागचा साधा हिशेब आहे. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांखाली जातो. अशा पहाटे थंड, घट्ट ऑइल कागदातून लवकर उतरत नाही आणि फिल्टर नवा असला तरी हा व्हॉल्व्ह काही क्षण उघडू शकतो. त्यात बिघाड काहीच नाही. बिघाड तेव्हा म्हणायचा, जेव्हा त्याची स्प्रिंग कमजोर असते किंवा त्याची बैठक वाकडी असते आणि तो कायमच थोडासा उघडा राहतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच दिलेला असतो, त्यामुळे एखाद्या फिल्टरमध्ये तो सापडला नाही म्हणून लगेच त्या फिल्टरला दोष देऊ नये.

गेल्या मे महिन्यात संभाजीनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी दोन वापरलेले फिल्टर कापून पाहिले. दोन्ही एकाच मॉडेलच्या गाड्यांचे होते आणि दोन्ही साधारण दहा हजार किलोमीटर चाललेले होते. एक गाडीच्या कंपनीच्या खोक्यातून आलेला, दुसरा कुठल्याशा स्वस्त लेबलचा. गॅरेज चालवणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सगळी गल्ली चाचा म्हणते. त्यांनी दोन्ही डबे आदल्या रात्रीच निथळत ठेवले होते. करवतीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. करवतीने पत्र्याचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातून आलेला धातू कोणता आणि आपण पाडलेला कोणता, हे ओळखता येत नाही. त्याऐवजी पाइप कापायच्या चाकासारखे फिरते कटर त्यांनी कडेने फिरवले आणि डब्याचे झाकण अलगद सुटले.

बाहेरून दोन्ही डबे सारखेच होते. खरे तर स्वस्त डब्याचा रंग अधिक तकतकीत होता. आत मात्र फरक होता. पहिल्याच्या चुण्या चुलीच्या काजळीसारख्या काळ्या पडल्या होत्या, पण एकसारख्या अंतरावर उभ्या होत्या. दुसऱ्याच्या चुण्या एका बाजूला दाटीवाटीने एकमेकींना चिकटल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला अंगठा मावेल एवढी फट पडली होती. नुसत्या फटीने ऑइल गळत नाही, कारण कागद अखंड असतो. पण चिकटलेल्या चुण्यांच्या आतपर्यंत ऑइल पोचतच नाही आणि तेवढा कागद असून नसल्यासारखा होतो. खरा घोळ वरच्या टोपीपाशी होता. चुण्यांची टोके ज्या गोल टोपीत डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवलेली असतात, तिथे करंगळीच्या रुंदीएवढ्या भागात तो पदार्थ पोचलाच नव्हता आणि कागद टोपीपासून सुटून वर उचलला गेला होता. ऑइलला तेवढी वाट पुरते. कागदातून झिरपण्याचे कष्ट घेण्याऐवजी ते त्या फटीतून सरळ मधल्या नळीत जाते. चाचांनी तो भाग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाखवला आणि म्हणाले, "साहेब, हा दहा हजार किलोमीटर नुसता फिरला. काम काहीच केलं नाही."

तळपट्टीखाली रबराची एक पातळ तबकडी असते. बाजारात तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही, पण माझ्या मते कारागिरी ओळखायला तिच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी नाही. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल उलटे वाहून खाली उतरू नये म्हणून ती लहान छिद्रांवर आतून झापेसारखी बसते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर तिचे महत्त्व फारच वाढते. ती गळकी असली तर रात्रभरात डबा रिकामा होतो. सकाळी किल्ली फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळतो आणि ऑइल वरपर्यंत पोचेस्तोवर टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, कडकडाट ऐकू येतो. अनेक फिल्टरांत याच तबकडीची आतली कड मळकी आणि स्वच्छ बाजू वेगळी ठेवणारे सीलही असते, म्हणजे ती खराब झाली की दुहेरी नुकसान होते. स्वस्त फिल्टरात ती साध्या काळ्या नायट्राइल रबराची असते आणि अनेक महागड्या फिल्टरांत सिलिकॉनची. इंजिनाचे ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते आणि अशा उष्णतेत महिनोन्महिने राहिलेले नायट्राइल हळूहळू कडक होते. सिलिकॉन दोनशे अंशांपर्यंत मऊ राहते. सिलिकॉनची तबकडी बहुधा केशरी किंवा लाल असते, पण नायट्राइलमध्येही तसा रंग मिसळणे काही अवघड नाही, म्हणून रंगावर भरवसा ठेवू नये. आम्ही दोन्ही तबकड्या बोटांत दुमडून पाहिल्या. पहिली सोडताक्षणी सपाट झाली. दुसरीवर दुमडीची रेघ तशीच राहिली आणि त्या रेघेवर बारीक भेगा दिसल्या. दुसरीही नवी असताना मऊच असणार, म्हणूनच नवा फिल्टर पाहून या बाबतीत फार काही कळत नाही, जुना कापल्यावरच कळते.

मधली नळी पत्र्याची असते आणि तिला छिद्रे पाडलेली असतात किंवा झडपेच्या पट्ट्यांसारख्या खाचा कापलेल्या असतात. ऑइलच्या दाबाखाली कागद आत दबू नये म्हणून तिचा आधार असतो. वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, काही वर्षे काढलेल्या माणसाला इथे फार समजावून सांगावे लागत नाही. छिद्र पाडणारा पंच बोथट झाला की छिद्राच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, येते आणि ही कोर सुटली तर ती स्वच्छ बाजूला, म्हणजे थेट बेअरिंगच्या वाटेवर पडते. खाचांच्या नळीत आणखी एक गोष्ट पाहावी. नळी उजेडासमोर धरल्यावर सगळ्या खाचांतून प्रकाश आला पाहिजे. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, नीट न बसल्यामुळे अर्धवट उघडलेल्या खाचा बाहेरून उघड्या वाटतात, पण ऑइलची वाट अडवतात.

टोप्या पत्र्याच्या की पुठ्ठ्यासारख्या जाड कागदाच्या, यावरून गॅरेजमध्ये बरेच वाद होतात. पुठ्ठ्याची टोपी दिसली की फिल्टर हलका, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. टोपीचे काम चुण्यांची टोके बंद ठेवणे एवढेच आहे. चिकट पदार्थ सगळीकडे सारखा लागला असेल तर पुठ्ठाही ते काम निभावतो, आणि नसेल लागला तर पत्र्याची टोपीही कुचकामी ठरते, जसे त्या स्वस्त फिल्टरच्या बाबतीत आम्ही पाहिले. शेवटी असलेली स्प्रिंग गोल वेटोळ्यांची की पट्टीची, हाही तसाच वाद. ती कागदाचा गाभा तळपट्टीशी घट्ट दाबून धरते आहे का आणि मध्यावर बसली आहे का, एवढेच महत्त्वाचे. नवा फिल्टर कानाजवळ धरून हलवला आणि आत काही खुळखुळले, तर गाभा सैल आहे असे समजून तो परत द्यावा.

आता चुण्या मोजण्याविषयी, कारण फिल्टर कापणारा प्रत्येक जण आधी त्याच मोजतो. चुण्या जास्त म्हणजे कागद जास्त आणि कागद जास्त म्हणजे फिल्टर चांगला, हा तर्क वरवर सरळ दिसतो. पण कागदाचे क्षेत्रफळ चुण्यांची संख्या, त्यांची खोली आणि उंची या तिन्हींवर ठरते. समजा, एका फिल्टरात ५० चुण्या आहेत, प्रत्येकीची खोली १२ मिलिमीटर आणि उंची ६० मिलिमीटर आहे. प्रत्येक चुणीला दोन बाजू असतात, म्हणून ५० गुणिले २ गुणिले १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० चौरस सेंटिमीटर कागद झाला. दुसऱ्यात ४० च चुण्या आहेत, पण खोली १६ मिलिमीटर आहे. तिथे तो ७६८ चौरस सेंटिमीटर भरतो. दहा चुण्या कमी असूनही कागद जास्त. शिवाय डबा तेवढाच ठेवून चुण्या वाढवल्या तर त्या एकमेकींना टेकतात आणि वाढवलेला कागद वायाच जातो.

आणि कागद मोजला तरी तो काय पकडतो हे कळत नाही ते नाहीच. मराठवाड्यातली धूळ घ्या. फेब्रुवारी उलटला की काळी माती भेगाळते, ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे रस्त्यावर धुरळा उठतो आणि त्यात डांबराखालून उखडलेल्या बेसाल्टच्या खडीचा भुगा असतो, जो बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. या धुळीला अडवण्याची पहिली जबाबदारी एअर फिल्टरची आहे. तो फाटका किंवा सैल असेल तर ऑइल फिल्टर कितीही भारी बसवला तरी पिस्टनच्या रिंगा आधी झिजतात. एअर फिल्टरमधून सुटलेले कण रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतात आणि तिथे त्यांची गाठ काजळीशी आणि झिजलेल्या धातूच्या कणांशी पडते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्याला सुमारे ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण सुटा दिसत नाही. बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र इंजिन चालू असताना काही मायक्रॉनांचाच असतो, म्हणजे जे कण त्या थरात अडकून धातू खरवडतात ते आपल्याला दिसतच नाहीत. १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा वापरल्यावर झीज निम्म्याने आणि १५ मायक्रॉनचा वापरल्यावर ७० टक्क्यांनी घटली. तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे आणि तो आपल्या रोजच्या गाडीला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण लहान कणांचे महत्त्व त्यातून लक्षात येते.

फिल्टरचा कागद पिठाच्या चाळणीसारखा नसतो. चाळणीची भोके एकसारखी असतात. कागदात धागे पिंजलेल्या कापसाच्या थरासारखे वेडेवाकडे गुंफलेले असतात आणि कण त्यांच्यामधून वाट काढता काढता कुठेतरी अडकतो. त्यामुळे २० मायक्रॉनचा एक कण अडकतो, तर तेवढाच दुसरा निसटतो. म्हणून फिल्टरची क्षमता नेहमी दोन आकड्यांत सांगावी लागते, किती आकाराचे कण आणि त्यांतले किती टक्के. खोक्यावर नुसते "९९ टक्के" लिहिले असेल आणि किती मायक्रॉनला ते लिहिले नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. ४० मायक्रॉनला ९९ टक्के गाठणे सोपे आहे, २० ला गाठायला चांगलाच कागद लागतो. हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ ४५४८ या मानकाच्या बाराव्या भागात दिली आहे. त्यात ऑइलमध्ये ठरावीक प्रतीची चाचणीची धूळ सतत मिसळत राहतात, ते ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि फिल्टरच्या आधी व नंतर कण मोजतात. आधीच्या संख्येला नंतरच्या संख्येने भागले की बीटा गुणोत्तर मिळते. बीटा २ म्हणजे निम्मे कण पकडले, २० म्हणजे ९५ टक्के, १०० म्हणजे ९९ टक्के. या चाचण्यांची धूळ मूळची ॲरिझोनाच्या वाळवंटातली असते, आपल्या गंगाखेडच्या रस्त्यावरची नव्हे. पण सगळ्यांना एकच धूळ मिळाली तरच फिल्टरांची तुलना होऊ शकते.

यातून डबा कापून पाहण्याची मर्यादा स्पष्ट होते. कापलेल्या फिल्टरवरून तो वाईट आहे हे सिद्ध करता येते, चांगला आहे हे नाही. सुटलेली टोपी, वाकडा व्हॉल्व्ह, कडक रबर हे डोळ्याला दिसते. १५ मायक्रॉनचा कण पकडला की सोडला हे दिसत नाही. सुबक चुण्यांचा, पत्र्याच्या टोप्यांचा, जड डब्याचा फिल्टर भरड कागदाचाही असू शकतो. बारीक कागद, ऑइलचा मोकळा प्रवाह आणि मळ साठवण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी एकाच लहान डब्यात पूर्णपणे बसत नाहीत, कुठेतरी तडजोड करावीच लागते. गाडीच्या निर्मात्याने ती तडजोड आपल्या पंपाचा आणि ऑइलच्या ग्रेडचा विचार करून ठरवलेली असते. म्हणून गाडीच्या कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या निर्मात्याचा फिल्टर घ्यावा, हे माझे मत त्या ब्रँडच्या प्रेमापोटी नाही. त्याच्या मागे चाचणीचे कागद असतात आणि आपल्याजवळ ते नसतात, एवढेच.

दुकानात मात्र काही गोष्टी जरूर पाहाव्यात. आट्यांवरून बोट फिरवून पाहावे. ते पूर्ण आणि गुळगुळीत असावेत, कीस हाताला लागू नये. बाजारात २० मिलिमीटरचे आणि पाऊण इंचाचे असे दोन्ही आटे चालतात आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे २० चा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर चढल्यासारखा वाटतो, पण आटे नीट धरत नाहीत आणि दाबाखाली तो निखळू शकतो. आकार जुळतो म्हणून फिल्टर घेऊ नये, नंबर जुळवूनच घ्यावा. बाहेरचे रबर आपल्या खाचेत सगळीकडे सारख्या उंचीवर बसलेले असावे आणि नखाने दाबल्यावर परत वर यावे. तळपट्टी जाड असावी आणि तिची कड डब्याच्या पत्र्याशी जिथे दुमडली आहे तिथे ती दुमड सगळीकडे सारखी असावी. तोंडावरचे प्लॅस्टिक फाटलेले असेल तर फिल्टर घेऊ नये. हा नियम क्षुल्लक वाटेल. पण मधल्या मोठ्या छिद्रातून आत पडलेली धूळ स्वच्छ बाजूला पडते आणि पहिल्याच स्टार्टला न गाळता बेअरिंगमध्ये जाते. पत्र्याच्या शेडमध्ये उघडे ठेवलेले फिल्टर मी जागोजागी पाहिले आहेत.

डुप्लिकेटचा प्रश्न वेगळा आहे. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असावी लागते. ती नसेल, छपाई पुसट असेल किंवा खोक्यावरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबरशी जुळत नसेल, तर संशय घ्यावा आणि पक्के बिल मागावे. काम झाल्यावर रिकामे खोके फाडूनच टाकावे. शाबूत खोके भंगारातून पुन्हा भरले जाऊन दुकानात येण्याची शक्यता असते.

जुना फिल्टर कापलाच, तर कागदाची एक पट्टी कापून घ्यावी, फडक्यात दाबून ऑइल काढावे आणि ती उन्हात पसरून ठेवावी. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवावा. चुंबकाला चिकटते ते लोखंड; रिंगा, कॅम किंवा टायमिंग चेनकडून आलेले. तांबूस चकाकी बेअरिंगकडे बोट दाखवते, चुंबकाला न चिकटणारी पांढरी चकाकी ॲल्युमिनियमची असू शकते. नव्या इंजिनात पहिल्या सर्व्हिसला चार-दोन ठिपके दिसणारच. त्यांची संख्या दर वेळी वाढत असेल तर मात्र दोष फिल्टरचा नाही आणि मेकॅनिकशी वेगळे बोलणे करावे.

नवा फिल्टर बसवताना जुन्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे हात फिरवून पाहावे, कारण एकावर एक दोन रबरे बसली तर ऑइल भसाभस बाहेर येते. नव्या रबराला ऑइलचे बोट लावावे, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवावे आणि पुढे डब्यावर लिहिले असेल तेवढे, बहुधा पाऊण फेरा, आवळावे. पान्याने आवळू नये. पाना काढण्यासाठी असतो. मग इंजिन मिनिटभर चालू ठेवून खाली वाकून गळती पाहावी, बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक पुन्हा काढावी. रिकाम्या फिल्टरने तोवर पाव लिटरच्या आसपास ऑइल पोटात घेतलेले असते. पातळी तेवढी खाली आली असेल तर भर घालावी.